वाऱ्याच्या माळावर कायोटी पकडताना

अमेरिकेतला रॉकी पर्वत उतरून पूर्वेकडे आलं की वायोमिंग आणि कोलोरॅडो या राज्यांत अफाट माळ लागतो. घोट्याएवढं गवत, अधूनमधून सेजब्रशची राखाडी झुडपं, मैलोगणती काटेरी तारेची कुंपणं, आणि वारा. वायोमिंगमध्ये लॅरामी ते रॉलिन्स या टप्प्यात वाऱ्याने उंच, रिकामे ट्रक उलटतात, म्हणून त्यांच्यासाठी महामार्ग कित्येकदा बंद करावा लागतो. आडोशाला झाड नाही की भिंत नाही. अशा उघड्या जागी कायोटी नावाचा प्राणी जिवंत आणि धडधाकट कसा पकडतात, ते आपण पायरीपायरीने पाहू.

कायोटी आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला. कोल्ह्याहून मोठा, करड्या लांडग्याहून बराच लहान, वजनाला साधारण १० ते १६ किलो. त्याचं नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ या शब्दावरून आलं. थॉमस से या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नाव ठेवलं ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा.

त्याला पकडणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक मेंढपाळ, कारण कायोटी कोकरं उचलतो. दुसरे अभ्यासक. ते त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, बांधून त्याला सोडून देतात. अशा अभ्यासाचा उपयोग मोठा आहे. येलोस्टोन उद्यानात ॲडॉल्फ म्यूरी यांनी १९३७ ते १९३९ या काळात कायोटींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचं खाणं मुख्यतः उंदीरवर्गातले लहान प्राणी आणि मेलेली जनावरं हे असल्याचं दिसलं. मोठ्या हरणांची संख्या कायोटींमुळेच घटते, हा तेव्हाचा पक्का समज त्याने हलला. पुढे रेडिओ कॉलर आले आणि कोणता कायोटी कुठे फिरतो, किती जगतो, कशाने मरतो, हेही कळू लागलं.

शिकत असताना मी दोन हिवाळे अशाच एका अभ्यासपथकात मदतनीस होतो. इथे सांगतो ती पद्धत जिवंत पकडून सोडण्याची. हे काम तिथेही परवाना आणि प्रशिक्षण घेऊनच करता येतं, आणि नियम राज्यागणिक वेगळे असतात. भारतात तर कोल्हा, लांडगा, खोकड यांच्यासाठी सापळा लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. संशोधनासाठीसुद्धा सरकारची लेखी परवानगी लागते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडग्यांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झाला, तोही अशाच परवानगीने. तेव्हा हे सगळं आपण समजून घेण्यासाठी वाचायचं आहे.

पहिली पायरी: वारा ओळखणं

नवखा माणूस आधी पाऊलखुणा शोधायला लागतो. आमच्या पथकातले एक म्हातारे सापळेवाले, ज्यांचं आयुष्य मेंढ्यांच्या रँचवर गेलं होतं, ते गाडीतून उतरले की आधी गुडघ्यावर बसायचे. चिमूटभर कोरडी माती घ्यायचे आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचे. मग उभे राहून पुन्हा तेच करायचे. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, कायोटीचं नाक तुझ्या तोंडाच्या उंचीवर नसतं.

खरंच, दोन्ही चिमटी वेगवेगळ्या दिशांना जात. आपल्या चेहऱ्याला लागणारा वारा आणि जमिनीलगतचा वारा एकच असतो असं नाही. लहानसा उंचवटा, ओघळ, गवताचा झुबका यांवरून जमिनीजवळचा वारा वळतो. कायोटी त्याच वाऱ्यात वास घेत चालतो.

एकदा पाहून मात्र भागत नाही. नेहमीचा वारा कुठून येतो हे माळ स्वतः सांगतो. वाळलेली, गोल गोल लोळत जाणारी झुडपं कुंपणाला ज्या बाजूने येऊन अडकतात, ती वाऱ्याची बाजू. झुडपामागे बर्फाची किंवा वाळूची निमुळती शेपटी साठते, तिचं टोक वारा जातो त्या दिशेला असतं.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे दुपारचा वारा पाहून सापळा लावणं. कायोटी जास्त करून संध्याकाळी, रात्री आणि पहाटे फिरतो. सूर्य बुडाला की पुष्कळदा वारा पडतो आणि थंड, जड हवा उतारावरून ओघळांत सरकू लागते. दुपारी पश्चिमेकडून येणारा वारा पहाटे त्याच ओघळात उत्तरेकडून येत असतो. म्हणून ज्या वेळी प्राणी येणार, त्या वेळचा वारा पाहायचा. त्यासाठी दोन दिवस पहाटे उठून नुसतं बसावं लागलं तरी बसायचं.

दुसरी पायरी: त्याची वाट शोधणं

उघड्या माळावर प्राणी कुठूनही जाऊ शकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कायोटीही आपल्यासारखाच सोपी वाट धरतो. गाडीच्या चाकोऱ्या, गुरांच्या पायवाटा, कुंपणाचे कोपरे, फाटकं, पाण्याच्या टाक्या, दोन टेकड्यांमधली खिंड, कापलेल्या शेताची कड, या त्याच्या ठरलेल्या जागा.

पाऊल ओळखणं अवघड नाही. कायोटीचं पाऊल लांबट, साधारण सहा सेंटिमीटर, आणि पुढच्या दोन नख्या जवळ जवळ उमटलेल्या. कुत्र्याचं पाऊल जास्त गोल आणि पसरट असतं. कायोटी बहुधा सरळ रेषेत चालतो, कुत्रा इकडेतिकडे भटकतो. पण वाऱ्याने पाऊल तासाभरात पुसलं जातं, म्हणून खुणा पाहायच्या त्या आडोशाच्या, ओलसर जागी.

विष्ठा जास्त भरवशाची. ती वाऱ्याने पुसली जात नाही, आणि कायोटी ती मुद्दाम वाटेच्या फाट्यावर, उठून दिसेल अशी टाकतो. एकाच जागी जुनी आणि ताजी विष्ठा दिसली की समजावं, इथे तो पुन्हा पुन्हा येतो.

टेकडीच्या माथ्यावर खुणा खूप असल्या तरी तिथे सापळा लावायचा मोह टाळायचा. माथ्यावरची माती रात्रीत उडते. कायोटी माथ्यावर येतो तो त्याच वाटेने खालीही उतरतो. माथ्यापासून थोडं खाली, वाऱ्याच्या उलट कुशीत, तीच वाट शोधली की काम सोपं होतं. जोराच्या वाऱ्यात तो स्वतःही त्याच कुशीत आसरा घेतो.

तिसरी पायरी: सापळा समजून घेणं

सापळ्याचे भाग मोजकेच. दोन लोखंडी जबडे, त्यांना मिटवणाऱ्या स्प्रिंगा, मधोमध एक तबकडी, आणि तबकडीला धरून ठेवणारा खटका. पाय तबकडीवर पडला की खटका सुटतो आणि जबडे पंजाच्या वर मिटतात. उघडल्यावर जबड्यांमधलं अंतर साधारण चौदा सेंटिमीटर भरतं.

सापळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दातेरी जबडे येतात. अभ्यासासाठी वापरतात तो सापळा वेगळा असतो. त्याला दाते नसतात, जबड्यांना जाड रबर बसवलेलं असतं किंवा ते पूर्ण मिटल्यावरही मध्ये काही मिलिमीटर फट राहते. पाय निसटत नाही, पण चिरडतही नाही. तरीही या प्रकारच्या सापळ्यांवर मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत. युरोपीय संघाने १९९१ मध्ये नियम करून पाय धरणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली. जिथे ते चालतात, तिथे ते नीट वापरण्याची जबाबदारी म्हणूनच अधिक आहे.

साखळीत भोवरकडी हवी. आपल्याकडे बैलाच्या दाव्याला पीळ पडू नये म्हणून जी फिरती कडी लावतात, तीच ही. एक सापळ्याच्या बुडाशी, एक साखळीच्या मध्ये, एक खुंट्याजवळ. प्राणी गोल फिरला तरी साखळी पिळत नाही आणि पाय मुरगळत नाही. साखळी आखूडच ठेवायची, कारण लांब साखळीवर प्राणी धाव घेतो आणि हिसका खांद्याला बसतो.

तबकडीचा ताण हा सगळ्यात दुर्लक्षिला जाणारा भाग. तबकडी किती वजनाने खाली जावी, हे एका स्क्रूने ठरवता येतं. साधारण दीड-दोन किलोचा भार पडल्याशिवाय ती हलणार नाही असं केलं, तर स्विफ्ट फॉक्स सहसा वाचतो. हा आपल्या खोकडाचा भाऊबंद, जेमतेम दोन-तीन किलोचा, आणि याच माळावर राहतो. प्रत्येक सापळ्याचा ताण मापून घ्यायचा. हाताला जड लागतो म्हणून ठीक असेल, असं धरून चालायचं नाही.

शेवटी खुंटा. भुसभुशीत, वाळूमिश्रित जमिनीत सरळ लोखंडी गज उपटून येतो. तिथे तारेच्या टोकाला लावलेली पाचर पहारीने खोल ठोकतात. तार वर ओढली की ती पाचर जमिनीत आडवी होते आणि धरून बसते. ठोकल्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून पाहायचं. सापळा पायात घेऊन निसटलेला कायोटी हा या कामातला सगळ्यात वाईट प्रसंग.

चौथी पायरी: वाटेची कोणती बाजू

आता वारा आणि वाट यांची सांगड घालायची. समजा वाट उत्तर-दक्षिण जाते आणि वारा पश्चिमेकडून येतो. सापळा वाटेच्या पश्चिमेला, चार-पाच पावलांवर लावायचा. मग आमिषाचा वास वाटेवरून आडवा जातो आणि वाटेने येणाऱ्या कायोटीच्या नाकात शिरतो.

हाच सापळा पूर्वेला लावला, तर वास वाटेपासून दूर निघून जातो. कायोटी पाच पावलांवरून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. ‘इथे कायोटीच नाहीत’ असं म्हणणाऱ्या नवख्यांच्या सापळ्यांची बाजू तपासली, तर पुष्कळदा हीच चूक सापडते.

वारा वाटेच्या दिशेनेच वाहत असेल, तर वाट जिथे वळते तिथलं वळण गाठायचं. वादळ येणार असेल तर वारा फिरतो. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा बघता बघता उत्तरेचा होतो. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक सापळा ठेवतात, वेगवेगळ्या खुंट्यांवर आणि पुरेशा अंतरावर, म्हणजे दोन्हींत प्राणी आले तरी ते एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत.

पाचवी पायरी: बीळ आणि पाठराखण

कायोटी उरलेलं खाणं पुरून ठेवतो, आणि दुसऱ्याने पुरलेलं उकरायलाही त्याला आवडतं. सापळेवाले याच सवयीचा उपयोग करतात. एक तिरकं बीळ खणायचं, मुठीएवढ्या तोंडाचं, वीतभर खोल. त्याच्या मागे काहीतरी हवं, म्हणजे कायोटी मागून न येता समोरूनच येईल. त्याला पाठराखण म्हणू. गवताचा झुबका, जुनं हाड, वाळलेल्या शेणाचा पो, काहीही चालतं.

पाठराखण वाऱ्याच्या बाजूला, बीळ तिच्या पायथ्याशी, आणि सापळा बिळासमोर. वारा पाठराखणीवरून, बिळावरून, सापळ्यावरून पुढे जातो. कायोटी वास घेत वाऱ्याला तोंड करून येतो आणि नेमका सापळ्याजवळ थबकतो. याचा दुसरा फायदा असा, की सापळा पाठराखणीच्या आडोशाला राहतो आणि त्यावरची माती कमी उडते.

पण आडोसा मोठा झाला की उलटंच होतं. गुडघाभर झुडपामागे बर्फाचा ढीग साचतो आणि सापळा त्यात गाडला जातो. म्हणून पाठराखण वीतभरापेक्षा उंच नको. शिवाय मोकळ्या माळावर नवीन, उंच वस्तू दिसली की कायोटी लांबूनच वळसा घालतो.

सापळ्याची तबकडी बिळाच्या तोंडापासून वीस-बावीस सेंटिमीटर मागे आणि मध्यरेषेपासून तीन-चार सेंटिमीटर बाजूला ठेवायची. बाजूला का, तर बिळात नाक घालताना कायोटीचे पुढचे दोन पाय मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना पडतात. मधोमध ठेवलेल्या तबकडीवर बहुधा पाय पडतच नाही.

सहावी पायरी: सापळा बसवणं

सापळ्याच्या आकाराचा, चार-पाच सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि तळ घट्ट ठोकायचा. सापळा लावताना बोटं जपायची. तबकडीला हात लावायचा तो नेहमी सुट्या जबड्याच्या खालून, वरून कधीही नाही.

सापळा खड्ड्यात ठेवून जबड्यांच्या आणि स्प्रिंगांच्या बाहेरून माती घट्ट दाबायची. मग चारही कडांवर बोटाने दाबून पाहायचं. कुठेही डुगडुगता कामा नये. कायोटीचा पाय आधी जबड्याच्या कडेवर पडला आणि खाली काहीतरी हललं, की तो थांबतो आणि सापळा खालून उकरून उलटा करून टाकतो. सकाळी आपल्याला उताणा सापळा मिळतो, आणि तो कायोटी पुन्हा सहसा फसत नाही.

तबकडीच्या खाली मात्र माती भरू द्यायची नाही. तिला खाली जायला पोकळी हवी. त्यासाठी तबकडीवर खिडकीच्या जाळीचा किंवा कापडाचा तुकडा जबड्यांच्या आत बसेल असा कापून ठेवतात. वाऱ्याच्या मुलखात साधी जाळी दगा देते. उडती बारीक धूळ जाळीतून झिरपते, दोन रात्रींत तबकडीखाली घट्ट बसते, आणि मग कायोटी तिच्यावर उभा राहिला तरी खटका सुटत नाही. म्हणून तिथे घट्ट विणीचं कापड वापरायचं आणि तबकडीखाली थोडा कापसासारखा कृत्रिम तंतू भरायचा. कापडाची एक कड जरी वर राहिली तरी वाऱ्यात ती फडफडते आणि सगळं उघडं पडतं.

सातवी पायरी: वरची माती

माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी निर्णायक आहे. ओल्या, गोठणाऱ्या मुलखात सापळ्यावर पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ, पसरतात, कारण ते गोठत नाही. पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. सकाळी गेलो तर पीट मॉसचा कणही शिल्लक नव्हता. जबडे, तबकडी, कापड, सगळं ताटात वाढून ठेवल्यासारखं उघडं. कायोटी येऊन, चार पावलांवर बसून, निघून गेला होता. बसल्याची खूण आडोशाच्या धुळीत उमटली होती.

वाऱ्याच्या माळावर वरची माती जड आणि रवाळ हवी. आपण मुरूम म्हणतो तशी, चाळून घेतलेली. अर्ध्या सेंटिमीटरच्या चाळणीतून आधी बारीक माती गाळून सापळा झाकायचा, तो जेमतेम सेंटिमीटरभर. मग त्यावर रवाळ वाळू आणि बारीक खडे विरळ पसरायचे. आजूबाजूला नजर टाकली तर दिसेल, की वाऱ्याने तिथलं हलकं सगळं आधीच उडवून नेलंय आणि जमिनीवर खड्यांचा थर उरलाय. आपणही तसाच थर द्यायचा. जे वाऱ्यात टिकून राहिलंय, तेच टिकणार. खडे मात्र बारीकच हवेत. हरभऱ्याएवढा खडा जबड्यांत अडकला तर सापळा पुरता मिटत नाही.

गोठण्याचा प्रश्न उरतोच. इथे हिवाळ्यातही कधी कधी चिनूक नावाचा उष्ण, कोरडा वारा डोंगरावरून उतरतो. तासाभरात बर्फ वितळतं, माती भिजते, आणि रात्री सगळं दगडासारखं गोठतं. सापळा त्यात अडकून बसतो. मीठ टाकलं तर माती गोठत नाही, पण लोखंड गंजतं. त्याऐवजी उन्हाळ्यात कोरडी माती पिंपात भरून ठेवतात, किंवा मातीत मेणाचा चुरा घालून ती तापवतात. कणांवर मेणाचा हात फिरला की पाणी धरत नाही आणि माती गोठत नाही.

आठवी पायरी: वास

बिळाच्या तळाशी थोडं आमिष, वर थोडं सुकं गवत, आणि पाठराखणीवर कायोटीचं मूत्र. आमिष भुकेला बोलावतं. मूत्र सांगतं की इथे दुसरा कोणी येऊन गेलाय, आणि आपली हद्द जपणारा कायोटी ते पाहायला थांबतोच.

वाऱ्यात वास लवकर सुकतो. नवखे म्हणून तो वाढवत जातात, आणि वासाचा भपका झाला की कायोटीला संशय येतो. वास वाढवण्यापेक्षा तो लपवायचा. बिळात खोल, हाडाच्या पोकळीत, झुबक्याच्या बुंध्याशी ठेवला तर सावकाश सुटतो. ग्लिसरीनसारख्या चिकट द्रवात मिसळलेला वास अधिक दिवस टिकतो.

मांस उघडं दिसता कामा नये. या माळावर सोनेरी गरुड असतात, आणि गरुड खाणं नाकाने नव्हे, डोळ्यांनी शोधतो. संध्याकाळी आपण आमिष झाकलेलं असतं, पण रात्रीचा वारा ते उघडं करतो आणि सकाळी सापळ्यात गरुड सापडतो. म्हणून आमिष बिळात खोल हवं आणि त्यावर गवताचं बूच घट्ट बसवलेलं.

नववी पायरी: आपली खूण न ठेवणं

काम गुडघ्याखाली गोणपाट अंथरून, स्वच्छ हातमोजे घालून करायचं. उकरलेली जास्तीची माती घमेल्यात भरून दूर नेऊन टाकायची. सापळ्याजवळ थुंकायचं नाही, खायचं नाही. सापळे आधी उकळून, रंगवून, मेणात बुडवून ठेवतात, म्हणजे गंज चढत नाही आणि लोखंड झटकन मिटतं.

जमिनीचा मालक, शेजारचा मेंढपाळ, कुत्री फिरवणारे, या सगळ्यांना सांगून ठेवायचं. मेंढ्यांच्या राखणीचा कुत्रा सापळ्यात सापडला तर तो दोष सांगायचं राहून गेलेल्या माणसाचा.

दहावी पायरी: रोज, उजाडताच

परवान्यात काहीही मुदत असो, अभ्यासासाठी लावलेला सापळा रोज पहाटे पाहायलाच हवा. काही पथकं साखळीला छोटा प्रक्षेपक लावतात. साखळी ओढली गेली की त्याचा संदेश बदलतो. त्याने वेळ वाचतो, पण डोळ्यांनी पाहणं सुटत नाही.

शक्यतो गाडीतूनच, दुर्बिणीने पाहायचं. रोज चालत गेलं तर आपलीच पायवाट होते. वाऱ्याने माती उडाली असेल तरच जवळ जायचं, सोबत पिंपातली माती न्यायची आणि थर पुन्हा नीट करायचा.

कडाक्याच्या थंडीचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळीच सगळे सापळे मिटवून टाकायचे. जबड्यात धरलेल्या पायात रक्त कमी खेळतं, आणि बोचऱ्या वाऱ्यात तो पंजा गोठू शकतो. प्राण्याला जिवंत सोडायचं असेल तर त्याचा पंजा गमावून चालत नाही. पिल्लांचे दिवस, म्हणजे एप्रिल-मे, हेही टाळायचे, कारण दूध पाजणारी मादी सापळ्यात आणि पिल्लं बिळात, असं होता कामा नये.

अकरावी पायरी: प्राणी हाती आल्यावर

मला आठवतं, पहिला कायोटी जवळून पाहिला तो असा. जमिनीला चिकटलेला, कान मागे, डोळे पिवळे आणि स्थिर, लव वाऱ्याने एका बाजूला झोपलेली. आवाज नाही. आम्ही तिघे सावकाश, वाकून, न बोलता गेलो.

एकजण काठीच्या टोकाचा फास मानेवर हलकेच धरतो, दुसरा तोंडावर घोंगडी टाकतो. डोळे झाकले की कायोटी बहुधा शांत होतो. मग मुसकं, पायांना मऊ पट्टी, आणि सापळा उघडायचा. काही पथकं सापळ्याला गुंगीच्या औषधाची छोटी रबरी पिशवी बांधतात. प्राणी ती चावतो आणि त्याची धडपड कमी होते.

आधी पाहायचा पंजा. सूज, चीर, मोडलेली नखी, सगळ्याची नोंद. मग वजन, दातांची झीज, रक्ताचा थेंब, कानाला बिल्ला. कॉलर प्राण्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जड नसावा. बारा किलोच्या कायोटीला सहाशे ग्रॅमच्या आत. मान आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जायला हवीत. सैल पट्ट्यात तो पाय अडकवून घेतो, घट्ट पट्टा कातडी सोलतो. सगळं काही मिनिटांत उरकायचं, कारण घोंगडीखालचा प्रत्येक क्षण त्याच्यासाठी भीतीचा असतो.

सोडताना त्याचं तोंड मोकळ्या माळाकडे करायचं, रस्ता आणि कुंपण मागे. घोंगडी काढली की क्षणभर तो हलतच नाही. मग एकदम उठतो, तुटक धावत जातो, शंभर पावलांवर थांबून वळून पाहतो, आणि दिसेनासा होतो.

शेवटची पायरी: मोजून परत आणणं

जंगलात सापळा कुठल्या झाडाखाली लावला ते लक्षात राहतं. माळावर तशी खूण नसते. शिवाय वारा जमिनीचं रूप बदलतो. काल जिथे झुबका होता, तिथे आज बर्फाची पाळ असते. म्हणून सापळा लावतानाच जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, सापळ्याला क्रमांक द्यायचा, आणि वहीत प्रत्येकाची ओळ लिहायची.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या वहीत बावीस सापळे होते आणि गाडीत एकवीस. अंधारून आलं होतं, वारा उलटला होता. आमचे म्हातारे सापळेवाले काही न बोलता टॉर्च घेऊन खाली उतरले. त्या रात्री आम्ही तिघांनी गुडघ्यांवर रांगत, हातमोज्याने बर्फ बाजूला सारत शोध घेतला. उत्तरेच्या वाऱ्याने वाटेच्या कडेला बर्फाची वेगळीच शेपटी घातली होती आणि सापळा तिच्या टोकाखाली होता, उघड्या जबड्यांनी. ते खाली बसले, त्यांनी काठीने तबकडी दाबली, जबडे मिटल्याचा आवाज झाला. मग वही मागून घेतली आणि बाविसाव्या ओळीसमोर खूण केली.